मामांचे सोळा आणे : पुण्यातील पाच दिवस

शुक्रवार, 19 सप्टेंबर 2025

चित्रपट पाहण्यासाठी पाच दिवस पुण्याला जाते, असे सांगून रजेचा अर्ज दिला, तेव्हा आमच्या शाखेतील शिपाईकाकांनी "कोल्हापुरातली थेटरं बंद पडली काय?" असे विचारले. त्यांचा प्रश्न रास्त होता. मला पाहायचा असलेला एक मराठी चित्रपट आमच्याकडे सोयीच्या वेळी लागेल याची खात्री नव्हती, हे एक कारण. दुसरे आणि खरे कारण म्हणजे पुण्याचे माझे मामा. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून चित्रपट पाहिल्याला माझी पंधरा वर्षे उलटून गेली होती.

महामार्गावर रुंदीकरणाची कामे सुरू असल्याने एसटीला दीड तास उशीर झाला, यापलीकडे प्रवासाबद्दल सांगण्यासारखे काही नाही. स्वारगेटला उतरले तेव्हा बारीक पाऊस पडत होता. मामा छत्री घेऊन उभे होते आणि ती उघडायला विसरले होते.

मामांचे वय शहात्तर. विसाव्या वर्षी कोल्हापूर सोडून ते पुण्यात आले आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षे दोन चित्रपटगृहांत ऑपरेटर म्हणून काम करून निवृत्त झाले. हल्ली ऑपरेटर म्हणजे संगणकावर खेळांच्या वेळा लावणारा मुलगा असतो. मामांच्या उमेदीत ऑपरेटर हा भट्टीवरच्या माणसासारखा होता. प्रोजेक्टरच्या पोटात तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर धरलेल्या असत. त्यांच्यामधील फटीत ठिणगीची कमान पेटली की पडद्यावर उजेड पडे. कांड्या जळत जात, फट वाढे, पडद्यावरचा नायक पिवळा पडू लागे आणि खालून शिट्ट्या सुरू होत. तेवढ्यात बोटाने चाक फिरवून फट पुन्हा बेताची करायची. दोन हजार फुटांचे रीळ वीस-बावीस मिनिटांत संपे. ते संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमके. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची आणि सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका दिसताच चित्र त्या यंत्रावर न्यायचे. हा बदल प्रेक्षकाला कळला नाही, तरच ऑपरेटर खरा.

मामा चित्रपटाला तारे देत नाहीत, आणे देतात. 1957 साली दशमान नाणी आली तेव्हा ते आठ वर्षांचे होते, पण त्यांच्या हिशेबात ती अजून आलेली नाहीत. बारा आणे म्हणजे चित्रपट अवश्य पाहावा. आठ आणे म्हणजे तिकीट कोणी काढून दिले तर पाहावा. चार आणे म्हणजे पंखे चालू होते. पूर्ण सोळा आणे त्यांनी आजवर एकाच चित्रपटाला दिले आहेत, तो म्हणजे प्रभातचा 1936 सालचा 'संत तुकाराम'. त्यातील विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामापेक्षाही, गौरीबाईंनी उभी केलेली, नवऱ्याच्या पांडुरंगाशी उभा दावा मांडणारी आवली हे त्याचे कारण आहे, असे ते सांगतात. व्हेनिसच्या महोत्सवात 1937 साली त्या चित्रपटाचा गौरव झाला, हे सांगताना मात्र ते हात झटकतात. "त्यांना मराठी कुठं कळत होतं?" असे त्यांचे म्हणणे.

रात्री जेवणात मामींनी पिठले, भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा केला होता. जेवताना मामांनी कानामागचे यंत्र काढून डबीत ठेवले. चाळीस वर्षे खडखडाटात काढल्याने त्यांचे कान गेले आहेत. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "अगं, जन्मभर मी सिनेमा बघितला, ऐकला नाही. खोलीतल्या खिडकीएवढ्या काचेतून बघायचा, आणि शेजारी मशीन कडकड करायचं. हळू बोललेलं वाक्य मला कधी कळलंच नाही."

हे वाक्य पुढचे चार दिवस माझ्याबरोबर राहिले.

शनिवार, 20 सप्टेंबर

सकाळी सव्वादहाच्या खेळाची 'साबर बोंडं'ची तिकिटे मी आदल्या रात्रीच काढून ठेवली होती. नाव घेत नाही, पण ज्या मल्टिप्लेक्समध्ये गेलो तेथील मुलाने अत्यंत नम्रपणे सांगितले की तांत्रिक कारणाने हा खेळ होणार नाही. तांत्रिक कारण कोणते, असे मामांनी विचारल्यावर त्याला उत्तर सुचेना. नंतर त्याने हळूच सांगितले की एकूण चारच तिकिटे गेली होती. मामा चिडतील असे मला वाटले होते, पण त्यांनी त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "आम्ही दोन माणसांवरसुद्धा मशीन चालवलंय," एवढेच ते म्हणाले आणि जिन्याकडे वळले.

येथे एक व्यावहारिक सूचना करते. लहान मराठी चित्रपट पाहायचा असेल तर पहिल्या शुक्रवार-शनिवारीच पाहावा, कारण दुसऱ्या शुक्रवारी त्याच्या वेळा सकाळी नऊ किंवा रात्री अकरा अशा होतात आणि तिसऱ्या आठवड्यात तो सापडत नाही. तिकीट काढल्यानंतरही निघण्यापूर्वी चित्रपटगृहात दूरध्वनी करून खेळ होणार आहे ना, हे विचारून घ्यावे. पैसे परत मिळतात, सकाळ परत मिळत नाही.

मोकळ्या झालेल्या सकाळी आम्ही डेक्कनला गुडलकमध्ये बनमस्का आणि चहा घेतला. चार जणांच्या टेबलावर आमच्यासमोर दोन अनोळखी मुले येऊन बसली आणि त्यांच्या बोलण्यावरून ती चित्रपटाच्या संकलनाचे शिक्षण घेत असावीत. मामांनी संवादात उडी घेतली. तुटलेले रीळ ब्लेडने खरवडून, सिमेंट म्हणजे फितीचा गोंद लावून कसे जोडायचे, हे त्यांनी बनच्या दोन तुकड्यांवर प्रात्यक्षिकासह दाखवले, मस्का सिमेंटच्या जागी वापरून. मुलांनी ते प्रात्यक्षिक शेवटपर्यंत पाहिले आणि नंतर खाल्लेही.

तेथून लॉ कॉलेज रस्त्यापर्यंत चालत गेलो. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून पुण्यात आहे. पी. के. नायर यांनी ते ज्या चिकाटीने उभे केले, तिच्याविषयी मामा फार आदराने बोलतात, कारण खेळ संपलेल्या प्रिंटचे काय होते हे त्यांनी जवळून पाहिले आहे. बहुतेक वेळा ती रद्दीत जात असे, चांदी काढण्यासाठी. त्यापूर्वीच्या नायट्रेटच्या फिती तर स्वतःच पेट घेऊ शकत. 2003 सालच्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या काळातील कितीतरी मूळ फिती तीत गेल्या. मामा त्या दिवशी धूर पाहायला गेले होते. त्याविषयी त्यांनी एवढेच सांगितले.

संध्याकाळी दुसऱ्या मल्टिप्लेक्समध्ये 'साबर बोंडं' मिळाला. आम्ही धरून सतरा प्रेक्षक होते.

रोहन कानवडे यांच्या या पहिल्या चित्रपटाला जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागातील परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, म्हणून बरेच लोक तो पाहायला येतील असा माझा भाबडा समज होता. कथा सांगायला लहान आहे. मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी येतो. तेथे नातेवाईक त्याच्या लग्नाचा विषय काढत राहतात आणि तेथेच त्याची लहानपणीच्या मित्राशी, बाळ्याशी, पुन्हा गाठ पडते. त्यांच्यातील जवळीक मैत्रीच्या पुढची आहे. हे सांगताना दिग्दर्शकाने कोठेही आवाज चढवलेला नाही. पार्श्वसंगीत तर नाहीच. कॅमेरा एका जागी ठेवून माणसांना बोलू दिले आहे आणि बोलणे संपल्यावर गप्पही बसू दिले आहे. भूषण मनोज आणि सुराज सुमन यांच्या कामापेक्षाही मला जयश्री जगताप यांनी केलेली आई लक्षात राहिली. मुलाविषयी सर्व काही ठाऊक असलेली आणि त्याचा गाजावाजा न करता त्याच्या बाजूने उभी राहिलेली अशी आई मराठी पडद्यावर मी तरी पाहिलेली नव्हती.

चित्रपट सुरू होऊन दहा मिनिटे झाली असतील, तेव्हा शेजारी हालचाल जाणवली म्हणून पाहिले. मामा कानामागच्या यंत्राची कळ चाचपत होते आणि आवाज वाढवत होते. एकदा, दोनदा, मग आणखी एकदा. त्यानंतर दीड तास त्यांनी मान हलवली नाही. मध्यंतरात मी चहा आणायला उठले तर ते म्हणाले, "त्या घरात मागं कुणीतरी भांडी घासतंय. दिसत नाही, पण घासतंय." मला ते ऐकू आलेच नव्हते.

बाहेर पडल्यावर चित्रपटाच्या विषयाबद्दल मामा काय म्हणतील, याची मला धास्ती होती, कारण ते जुन्या वळणाचे गृहस्थ आहेत. रिक्षात बसेपर्यंत ते काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "तेरा आणे. तीन आणे कापले, कारण मधे थोडा वेळ मला वाटलं की आता कुणीतरी बोलावं." मी माझ्याकडून चौदा दिले. विषयाबद्दल त्यांनी एक शब्दही काढला नाही, आणि काढायचा राहिला असे त्यांना वाटलेलेही दिसले नाही.

रविवार, 21 सप्टेंबर

सर्वपित्री अमावास्या. बाहेर जाण्याचा प्रश्न नव्हता. मामींनी पहाटेपासून खीर, भरड्याचे वडे, गवारीची आणि भोपळ्याची भाजी, अळू आणि आमसुलाची चटणी असा स्वयंपाक मांडला होता. पान गच्चीवर ठेवायला मी आणि मामा गेलो.

पुण्यात पितरांची मोठी अडचण कबुतरांनी करून ठेवली आहे. कावळा कठड्यावर बसून राहिला आणि वड्यावर कबुतरे उतरली. मामांनी छत्रीने ती हाकलली. वीस मिनिटे गेली, तरी कावळा पानाला शिवेना. अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा पुरी करण्याचे वचन द्यायचे असते. मामांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, कोल्हापुरात प्रभात कंपनीत सुतारकाम करीत असत. 1929 साली कोल्हापुरात निघालेली प्रभात 1933 मध्ये पुण्याला हलली. बरीच माणसे कंपनीबरोबर गेली, पण आजोबांची आई अंथरुणाला खिळलेली असल्याने त्यांना जाता आले नाही. ती रुखरुख त्यांनी शेवटपर्यंत बोलून दाखवली. मामा हात जोडून मोठ्याने म्हणाले, "बाबा, आज संध्याकाळी प्रभातचा पिक्चर बघायला जातोय. उद्या स्टुडिओतही जाऊन येतो." कावळ्याने वडा उचलला. योगायोग असेल, पण त्या क्षणी तो मला योगायोग वाटला नाही, हे मान्य करते.

जेवताना कालच्या चित्रपटाचा विषय निघाला आणि मामी पहिल्यांदाच बोलत्या झाल्या. त्यांचे माहेर माण तालुक्यातले. साबर बोंडे हा त्यांच्या बालपणीचा खाऊ होता. फड्या निवडुंगाची ती लालभडक फळे तोडायला काठीला खिळा लावावा लागे. तोडल्यावर त्यांच्यावरची केसासारखी बारीक कुसे घालवण्यासाठी फळ पायताणाखाली धरून मातीत चांगले घोळायचे. मग साल काढायची आणि आतला चांदणीसारखा काटा तेवढा बाजूला करायचा. हे सर्व नीट केले तरी संध्याकाळी ओठात एखादे कूस सापडायचेच. जीभ आणि परकर लाल होत, त्यामुळे चोरी लपत नसे. "आई विचारायची, कुणाबरोबर गेली होतीस? फळापेक्षा तो प्रश्न महाग पडायचा," असे म्हणून त्या हसल्या आणि ताक वाढायला उठल्या. चित्रपटाचे नाव तेच का ठेवले असावे, हे मला कालच्या पडद्यापेक्षा मामींच्या त्या वाक्याने अधिक समजले.

संध्याकाळी एका चित्रपटप्रेमी मंडळींच्या लहानशा सभागृहात 'कुंकू' होता. पन्नासेक घडीच्या खुर्च्या, भिंतीवर पांढरा पडदा, मागे चहाचा थर्मास. सुरुवातीची पाच मिनिटे आवाजच आला नाही. एक कार्यकर्ता वायर हलवत राहिला आणि प्रेक्षकांमधून सात जणांनी सात उपाय सुचवले. पुण्यात अशा वेळी उपायांची वाण नसते.

व्ही. शांताराम यांचा 1937 चा हा चित्रपट मी लहानपणी दूरदर्शनवर तुकड्यातुकड्यांत पाहिला होता. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो आधारलेला आहे. नीरा या तरुण मुलीचे लग्न फसवून एका वृद्ध वकिलाशी, काकासाहेबांशी, लावले जाते आणि ती ते लग्न मानायचे नाकारते. शांता आपटे यांची नीरा रडत नाही, आणि 1937 साली ते किती मोठे धाडस असेल याची कल्पना आज करता येत नाही. केशवराव दाते यांचे काकासाहेब तर खलनायक वाटू लागतात आणि दुसऱ्याच क्षणी केविलवाणे होतात. त्यांच्या शिकलेल्या मुलीचे काम शकुंतला परांजपे यांनी केले आहे. संततिनियमनाच्या कार्यासाठी पुढे ओळखल्या गेलेल्या याच शकुंतलाबाई आणि सई परांजपे यांच्या आईही याच.

पण मी त्या संध्याकाळी हा चित्रपट पाहिला तो कानांनी. त्यालाही पार्श्वसंगीत नाही. जे घडते त्याचाच आवाज येतो. गाण्यालासुद्धा साथ हवी असेल तर दृश्यात ग्रामोफोन असावा लागतो. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक काकासाहेबांच्या वयाची आठवण करून देत राहते आणि कोणतेही व्हायोलिन ते काम इतके निर्दयपणे करू शकले नसते. काल पाहिलेल्या आणि आज पाहिलेल्या चित्रपटांत अठ्ठ्याऐंशी वर्षांचे अंतर आहे, आणि दोन्ही दिग्दर्शकांनी शांततेवर सारखाच विश्वास टाकला आहे, हे लागोपाठ दोन संध्याकाळी पाहिल्यामुळेच जाणवले. एरवी जाणवले नसते.

चित्रपटाच्या मध्यावर एक गोष्ट घडली. जुन्या प्रिंटवरून केलेली ती प्रत असल्याने पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला. मामांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला, हवेत मोटरची कळ दाबल्यासारखा खाली आला आणि सात-आठ सेकंदांनी दुसऱ्या ठिपक्याला पुन्हा हलला. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता, कारण डोळे पडद्यावर होते. पुढच्या रिळाच्या शेवटीही तेच झाले. मागच्या रांगेतील एका बाईंना वाटले, मामा माशी हाकलत आहेत.

मामांनी पंधरा आणे दिले. एक आणा शेवटाबद्दल कापला. "म्हाताऱ्यानं मरून तिला मोकळं केलं. म्हणजे शेवटीही निर्णय त्याचाच की!" माझे उत्तर तयार नव्हते. मी चौदा दिले आणि माझा एक आणा जास्तीचा का कापला याचे कारण देता येईना, तेव्हा मामांनी माझे रेटिंग अवैध ठरवले.

सोमवार, 22 सप्टेंबर

घटस्थापना. मामींनी पत्रावळीवर काळी माती पसरून धान्य पेरले, माळ बांधली आणि आम्हाला घराबाहेर काढले.

फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील प्रभात संग्रहालय पाहायचे असेल तर आधी चौकशी करून, दिवस आणि वेळ ठरवून, ओळखपत्र जवळ ठेवून जावे. शिकण्याची जागा असल्याने तेथे मनात येईल तेव्हा प्रवेश मिळत नाही. रिक्षावाल्याला 'एफटीआयआय' म्हटले तरी कळते आणि 'प्रभात स्टुडिओ' म्हटले तर वयस्कर रिक्षावाला हमखास एक गोष्ट सांगतो. आमच्या रिक्षावाल्याच्या काकांनी म्हणे तेथे एका चित्रपटात भालदाराचे काम केले होते.

1960 साली सुरू झालेली ही संस्था प्रभातच्याच जागेत आहे. संग्रहालयात जुनी यंत्रे, पोशाख, वापरातल्या वस्तू आणि छायाचित्रे आहेत. प्रभातच्या बोधचिन्हातील तुतारी फुंकणारी ती ओळखीची आकृती दारातच भेटते. विष्णुपंत दामले हे दिग्दर्शक म्हणून सर्वांना ठाऊक असतात, पण प्रभातच्या बोलपटांचे ध्वनिमुद्रणही तेच सांभाळत. पहिला मराठी बोलपट, 1932 चा 'अयोध्येचा राजा', कोल्हापुरातच झाला. बोलपट नुकताच जन्मलेल्या त्या काळात दामल्यांनी आवाजाचे तंत्र शिकून घेतले, आणि पाच वर्षांनी त्याच कंपनीने आवाज कोठे नको हे ठरवून 'कुंकू' केला. मला हे कौतुकाचे वाटते. एखादे नवे साधन हाती आल्यावर माणसे ते पाच वर्षांत इतक्या संयमाने वापरायला सहसा शिकत नाहीत.

मामा मात्र यंत्रांपाशी फार थांबले नाहीत. ते लाकडी वस्तूंपाशी थांबत होते. एका जुन्या लाकडी सांध्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, तेव्हा तेथील कर्मचाऱ्याने हात लावू नका असे सांगितले. मामांनी लगेच हात मागे घेतला, क्षमा मागितली आणि विचारले, "हे कोल्हापूरहून आलेलं आहे का हो?" कर्मचाऱ्याला ते ठाऊक नव्हते. बाहेर आल्यावर प्रसिद्ध आंब्याच्या झाडाखालच्या कट्ट्यावर आम्ही अर्धा तास बसलो. दोन विद्यार्थी मोठ्या तावातावाने एका दृश्याबद्दल भांडत होते. मामांनी यंत्र काढून खिशात ठेवले आणि डोळे मिटले.

दुपारी मामेभावाच्या आग्रहाखातर 'जॉली एलएलबी 3' पाहिला. मामा आले नाहीत. दोन्ही जॉली, म्हणजे अक्षय कुमार आणि अर्शद वारसी, एकाच चित्रपटात आहेत आणि शेतकऱ्यांच्या जमिनीचा प्रश्न आहे. पण खरा चित्रपट न्यायाधीश झालेल्या सौरभ शुक्लांचा आहे. हशा भरपूर, भाषणे त्याहून भरपूर. भावाने चौदा आणे दिले, मी नऊ. मक्याच्या लाह्या आणि दोन शीतपेये यांचे बिल तिकिटांपेक्षा जास्त झाले, ते कोणत्या आण्यांत मोजायचे हे ठरले नाही.

मंगळवार, 23 सप्टेंबर

रात्रीच्या गाडीचे तिकीट असल्याने शेवटचा दिवस पूर्ण मोकळा होता. सकाळी नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ खाल्ली. कोल्हापूरच्या माणसाने पुण्यातील मिसळीवर मत देऊ नये, एवढा शहाणपणा मला वयाने आलेला आहे. मला ती थोडी गोड लागली आणि मी दुसऱ्यांदा रस्सा मागितला, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तेथून अप्पा बळवंत चौकात गेलो. पूर्वीचे प्रभात चित्रपटगृह आता किबे लक्ष्मी या नावाने ओळखले जाते. त्याचे मूळ नावही तेच होते, हे बहुतेकांना माहीत नसते. मामा आजही त्याला प्रभातच म्हणतात. पेठांमध्ये चित्रपट पाहायला येणाऱ्यांनी स्वतःची गाडी आणू नये. मेट्रोने मंडईला किंवा डेक्कनला उतरून चालत यावे, वाटेत पुस्तकांची दुकानेही पाहून होतात.

दुपारचा 'दशावतार' आम्ही एका जुन्या एकपडदा चित्रपटगृहात पाहिला. तेथील डोअरकीपर मामांचा जुना परिचित निघाला, त्यामुळे आम्हाला पंख्याखालची जागा आणि मध्यंतरात फुकटचा वडापाव मिळाला. मंगळवार असूनही निम्म्याहून अधिक खुर्च्या भरल्या होत्या. कोकणातून पुण्यात स्थायिक झालेली कुटुंबे आजी-आजोबांना घेऊन आली होती. पुढच्या रांगेतील एक आजोबा पडद्यावरच्या दशावताराबरोबर ओठ हलवत होते.

सुबोध खानोलकर यांच्या या चित्रपटात दिलीप प्रभावळकर यांनी बाबुली मेस्त्री हा दशावतारी कलावंत उभा केला आहे. प्रभावळकरांचे वय एक्याऐंशी आहे, हे चित्रपट पाहताना आठवत नाही आणि नंतर आठवल्यावर बसायला होते. नजर अधू होत चाललेला, मुलाने काम थांबवायला सांगितलेला आणि रंग लावल्यावाचून जगता न येणारा हा म्हातारा पूर्वार्धात इतक्या मायेने रंगवला आहे की मी मनातल्या मनात तेरा आणे देऊन टाकले होते. रात्रभर चालणारे खेळ, रंग चढवताना आरशासमोरची ती स्तब्धता, बापलेकांतील चिडचिड, सर्वच खरे वाटते. उत्तरार्धात कथा सूडाकडे वळते, काय घडते ते सांगत नाही, पण तेथून पार्श्वसंगीताने जो ताबा घेतला तो शेवटपर्यंत सोडला नाही. जे प्रभावळकरांच्या डोळ्यांत दिसत होते तेच ढोल पुन्हा पुन्हा सांगू लागले. 'साबर बोंडं' आणि 'कुंकू' यांनी माझे कान बिघडवून ठेवले असतील, असेही म्हणता येईल, पण मी तीन आणे परत घेतले.

मध्यंतरानंतर काही वेळाने मी शेजारी पाहिले. मामांनी यंत्र काढून शर्टाच्या खिशात ठेवले होते आणि ते थोडे पुढे वाकून, हाताची बोटे एकमेकांत गुंतवून पडद्याकडे पाहत होते. चाळीस वर्षे खोलीतल्या काचेतून पाहिले, तसेच.

"तेरा आणे," बाहेर पडताना ते म्हणाले. "साबर बोंडाएवढेच."

"मामा, तुम्ही अर्धा सिनेमा ऐकलाच नाही!"

"म्हणून तर तेरा," असे म्हणून त्यांनी यंत्र पुन्हा कानामागे बसवले. "त्या माणसाचा चेहरा ऐकू येत होता की."

संध्याकाळी मामींनी खण-नारळाने ओटी भरली, बरोबर बाकरवडीचे दोन पुडे आणि दशम्यांचा डबा दिला आणि घटाला फुटलेला बारीक मोड दाखवला. स्वारगेटवर मामा गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे होते. या वेळी छत्री उघडलेली होती, पाऊस मात्र थांबला होता.

गाडी खंबाटकीचा घाट चढू लागली तेव्हा मामांचा फोन आला. ते नेहमीप्रमाणे ओरडून बोलत होते, त्यामुळे शेजारच्या बाईही ऐकू लागल्या. "अगं, एक आणा चुकला माझा," ते म्हणाले, "विचार केला मी. त्याचा एक आणा काढ आणि..." आणि घाटात आवाज तुटला.

घाट उतरल्यावर मी उलट फोन लावला. मामींनी उचलला. मामा झोपले होते आणि यंत्र डबीत होते.